एका ट्रकामागे किती माणसं, एका मशीनमागे किती

चिप म्हणजे काय चीज असते ते मला ती मिळेनाशी झाली तेव्हा कळलं. २०२१ ची गोष्ट. मी गोव्यात वेर्ण्याला एका छोट्या युनिटमध्ये एसएमटी लाइनवर, म्हणजे बोर्डवर मशीनने पार्ट बसवतात तिथे, होतो, डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स, डिचोलीहून पणजी आणि पणजीहून वेर्णा अशा रोज दोन कदंबा बस बदलून जायचं. पंपाचे, इन्व्हर्टरचे कंट्रोलर बोर्ड बनायचे आमच्याकडे. एका बोर्डवर शंभरेक पार्ट, रील लावायच्या आणि मशीन टकाटक बसवत जातं. त्यातला एक मायक्रोकंट्रोलर, नखाएवढा, एरवी पन्नास-साठ रुपयाला यायचा, तो यायचाच बंद झाला. बाकीचे नव्व्याण्णव पार्ट स्टोअरमध्ये धूळ खात. सप्लायर म्हणाला बावन्न आठवडे लागतील, आमच्या स्टोअरवाल्याला वाटलं फोन नीट ऐकू आला नाही, त्याने परत लावला. बावन्नच.

मग हळूहळू कळत गेलं. कोविडात गाड्यांच्या कंपन्यांनी आपल्या ऑर्डरी कॅन्सल केल्या, ती जागा लॅपटॉप-मोबाइलवाल्यांनी बळकावली, फेब्रुवारीत टेक्सासमध्ये थंडीने वीज गेली तर तिथल्या चिपच्या फॅक्टऱ्या बंद पडल्या, मार्चमध्ये जपानात रेनेसासच्या कारखान्याला आग लागली. आग लागली जपानात आणि आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवरच्या अकरा पोरींना "पुढच्या महिन्यात फोन करतो" म्हणून घरी पाठवलं. आम्ही पर्मनंट म्हणून राहिलो, पण काम काय, तर जुने बोर्ड उकरून त्यातल्या चिपा गरम हवेने काढायच्या आणि चालतात का बघायच्या. भंगारवाल्याचंच काम, फक्त एसीत बसून.

आमच्या घराला हा प्रकार काही नवीन नव्हता म्हणा. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, आधी दुसऱ्याचा, मग स्वतःचा, मग लोन काढून दुसरा घेतला आणि वर्षभरात, सप्टेंबर २०१२ मध्ये, खाणी बंद. मी सातवी-आठवीत असेन. दोन्ही ट्रक घरामागे फणसाखाली उभे, पहिल्या पावसात टायरात गवत, दुसऱ्या पावसात केबिनपर्यंत वेल. मधे परत चालू झाल्या त्या मर्यादा घालून, आणि १६ मार्च २०१८ ला पुन्हा ठप्प, सुप्रीम कोर्टाने ८८ लीझ रद्द केल्या होत्या. तोवर एक ट्रक विकला होता. आईने लोकांचे ब्लाऊज शिवायला घेतले ते तेव्हापासून. बाबांचा एक हिशोब आहे, अजून सांगतात, बोटांवर मोजत. एका ट्रकामागे माणसं किती? ड्रायव्हर, क्लीनर, टायरवाला, ग्रीस मारणारा पोरगा, स्पेअर पार्टचं दुकान, पंपावरचा, काट्यावरचा, बार्जवरचा, नाक्यावरची चहा-भजीवाली. एक हात संपून दुसऱ्यावर जायचे. खाणीने डोंगर खाल्ले, विहिरी आटल्या, शेतात लाल चिखल आला, हे सगळं खरं आहे आणि मी काही खाणीची बाजू घेत नाहीये. पण टीव्हीवर "अप्रत्यक्ष रोजगार" ऐकलं की बाकीच्यांना ती थाप वाटते, मला आमच्या नाक्यावरचा टायरवाला दिसतो. सध्या तो पणजीला सिक्युरिटीला आहे.

तर २९ फेब्रुवारी २०२४ ला बातम्यांत आलं की केंद्राच्या मंत्रिमंडळाने एका दिवसात चिपचे तीन प्रकल्प मंजूर केले. गुजरातेत धोलेऱ्याला टाटांची फॅब, म्हणजे मुळात चिप जिथे बनते तो कारखाना, तैवानच्या पीएसएमसी कंपनीबरोबर, ९१,००० कोटी, महिन्याला ५०,००० वेफर, म्हणजे ज्यांवर चिपा बनतात त्या चकत्या. आसामात जागीरोडला टाटांचंच पॅकेजिंग, म्हणजे तयार चिपा कापून, जोडून, बंद करायचं काम, २७,००० कोटी. आणि अहमदाबादजवळ साणंदला सीजी पॉवरचं, तेच ते रेनेसास आणि थायलंडची एक कंपनी भागीदार, ७,६०० कोटी. रोजगार किती, तर तिन्ही मिळून २० हजार थेट आणि ६० हजार अप्रत्यक्ष. साणंदला अमेरिकेच्या मायक्रॉनचं आधीच जाहीर झालेलं, जून २०२३ मध्ये, तिथे ५ हजार थेट आणि १५ हजार बाकीचे. म्हणजे दोन्हीकडे एकास तीन. हे एकास तीन कुठून काढतात ते बाबांना विचारलं तर म्हणाले, त्यांनी चहावालीला धरलं नसेल.

मग मी फॉर्म भरायला लागलो. मावशीला कळलं तर तिचा पहिला प्रश्न, सरकारी नोकरीचे फॉर्म भरणं सोडलंस काय? गोव्यात हे कुणाला समजावता येत नाही. पंचायतीत क्लार्क म्हणजे माणूस मार्गी लागला, आणि चिप कंपनी म्हणजे पोरगं कुठेतरी भटकतंय. साणंदच्या एका पॅकेजिंगवाल्या कंपनीची जाहिरात होती, नाव मी सांगत नाही, अजून पगार तिथूनच येतो. ऑनलाइन टेस्ट झाली, त्यात साधं गणित, ओहमचा नियम आणि थोडं इंग्रजी. मग पुण्याला इंटरव्ह्यू, पणजीहून रात्रीची बस, सकाळी स्वारगेटच्या टॉयलेटमध्ये शर्ट बदलून गेलो. तिथे पहिल्यांदा चिमट्याने मोहरीपेक्षा लहान तुकडे एका ट्रेमधून दुसऱ्यात ठेवायला लावले, घड्याळ लावून. आईच्या सुईत दोरा ओवून द्यायची लहानपणापासून सवय, हात स्थिर होता. मग पॅनेलमधल्या एकाने विचारलं, गोवा सोडून कुणी येतं का, तुम्ही लोक सुशेगाद, आरामशीर ना? मी म्हटलं सर, मी पहाटे पाच पन्नासची बस पकडतो, सुशेगाद ते तुमच्याकडून सुट्टीला येणारे. हसले सगळे. मला वाटलं झालं काम.

काम कुठलं होतंय. पाच महिने काहीच नाही. मेलला उत्तर नाही, एचआरचा फोन वाजतो पण उचलत नाहीत. नंतर आत गेल्यावर कळलं की बिल्डिंगचंच काम मागे पडलं होतं, मशीन बंदरात आलेली आणि ठेवायला फरशी तयार नाही, मग माणसं घेऊन करणार काय. पण हे एका ओळीत कळवलं असतं तर मी इकडे नोटीस पिरियडचा घोळ घातला नसता. शेवटी एके दिवशी मेल आला, पंधरा दिवसांत जॉइन व्हा. मेडिकलमध्ये डोळ्यांवर सगळा भर, रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायचे. माझ्याबरोबर पुण्याला आलेला फोंड्याचा एक मुलगा तिथे अडकला, लाल-हिरवा रंग नीट दिसत नाही हे त्याला वयाच्या तेविसाव्या वर्षी त्या दिवशी कळलं. हुशार होता माझ्यापेक्षा.

गोव्यात का नाही, हे मला तिथे गेल्यावर पण सगळे विचारायचे. तुयेला इलेक्ट्रॉनिक सिटी होणार हे मी डिप्लोमाला असल्यापासून ऐकतोय. पण खरं सांगायचं तर मोठी फॅब गोव्यात येईल असं मला वाटत नाही, आणि यावी असंही वाटत नाही. त्याला पाणी लागतं भरमसाट आणि वीज अशी की एक झटका बसला तर आतला माल गेला, आपण तर वीज बाहेरूनच आणतो. ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य, त्यात पठार दिसलं की आधी आंदोलन, नायलॉनच्या कारखान्यापासून एसईझेडपर्यंत, आणि बऱ्याचदा आंदोलनवाल्यांचंच बरोबर निघालं आहे. चिपचं पॅकेजिंग ही वेगळी गोष्ट, त्याला तेवढी जागा-पाणी नको. ते जमलं असतं कदाचित.

तर मडगावहून गाडी, जवळजवळ एक दिवस, अहमदाबाद, तिथून शटल रिक्षाने साणंद. पहिला आठवडा खोली शोधण्यात. घरमालक पहिला प्रश्न विचारतो नॉनव्हेज खाता का, आणि गोव्याचा म्हटलं की दुसरा प्रश्न न विचारताच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गृहीत धरतो. शेवटी एक काका भेटले, म्हणाले बाहेर काय खाता ते मी विचारणार नाही, घरात नको. तीन जणांत एक खोली, माणशी तीन हजार. मी, एक नांदेडचा, एक ओडिशाचा. माशाचं हुमण स्वप्नात यायचं, खरंच यायचं.

या काकांची गोष्ट सांगायला हवी. यांची जमीन जीआयडीसीत, गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीत, गेली, पैसा आला, त्यातून खोल्या बांधल्या. बंगालमधून नॅनो साणंदला आली, २०१० मध्ये प्लांट सुरू झाला, तेव्हा खोल्या भरल्या. नॅनो चालली नाही, पण फोर्ड आली. खोल्या परत भरल्या, वर मजला चढवला. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं बंद करतोय म्हणून सांगून टाकलं. काका म्हणतात चौदा खोल्यांपैकी नऊ रिकाम्या. मग जानेवारी २०२३ मध्ये तो प्लांट टाटांनी घेतला आणि आता चिपवाले. हे सगळं ते मला गच्चीवर खाटेवर बसून सांगत होते आणि मला फणसाखालचे ट्रक दिसत होते.

आता आतलं. क्लीनरूममध्ये जायचं म्हणजे आधी पायताण बदला, डोक्याला जाळी, मग मास्क, मग टोपरं, मग अंगभर पांढरा झगा, वरून गुडघ्यापर्यंत बूट, दोन हातमोजे. पायाला आणि मनगटाला ईएसडीचा पट्टा, मशीनवर उभं राहून हिरवा दिवा आला तरच दार उघडतं, कारण अंगातली जी वीज आपल्याला जाणवत पण नाही ती चिपला जाळायला पुरते. मग एअर शॉवर, चारी बाजूंनी वारा, गोल फिरायचं. पावडर नाही, अत्तर नाही, मुलींना काजळ नाही. साधा कागद आत नेता येत नाही, त्याचे तंतू उडतात, लिहायला वेगळा निळसर कागद. आणि पहिला अर्धा तास फक्त नाक खाजतं. नाकाला हात लावायचा नाही. बारा आठवड्यांच्या ट्रेनिंगमधला सगळ्यात अवघड धडा हाच होता, मस्करी नाही करत.

मला वायर बाँडिंगला टाकलं. वेफर बाहेरून येतो, गोल, आरशासारखा, त्याला खालून घासून पातळ करतात, निळ्या टेपवर चिकटवून हिऱ्याच्या पात्याने बारीक बारीक चौकोन कापतात, त्या एकेका तुकड्याला डाय म्हणतात. तो डाय लीडफ्रेमवर, म्हणजे बारीक पाय असलेल्या धातूच्या पट्टीवर, चिकटवून ओव्हनमध्ये सुकवला की आमच्याकडे येतो. आता डायवरची जी टोकं आहेत ती बाहेरच्या पायांना तारेने जोडायची. तार वीस मायक्रॉनची, केस सत्तरेक मायक्रॉन धरा, म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. हातात धरलेली दिसत नाही, उजेडात तिरकी केली तर चमकते. पहिल्या दिवशी मशीन बघितलं आणि मला हसू आलं, ही तर आईची शिलाई मशीन! सुईच्या जागी सिरॅमिकची बारीक नळी, कॅपिलरी म्हणतात तिला, तिच्यातून तार ओवायची, खाली ठिणगीने तारेच्या टोकाला गोळी होते, ती डायवर दाबली, तार कमानीसारखी उचलून दुसरीकडे नेली, तिथे टाका घातला, तोडली. त्या दुसऱ्या जोडाला स्टिचच म्हणतात. सेकंदाला असे दहाच्या वर. मी आईला फोन करून सांगितलं, ती म्हणाली मग दोरा तुटला की काय करता? तेच करतो, परत ओवतो, मायक्रोस्कोपखाली.

सातव्या आठवड्यात माझ्या हातून एक लॉट गेला. दुपारी हातमोजा फाटलेला मला कळलं नाही आणि मी लीडफ्रेमची पट्टी कडेने न धरता वरून धरली. घामाचा डाग. मशीन गोळी दाबतंय आणि ती बसत नाही, अलार्म, रिसेट, परत अलार्म. मी कॅपिलरी बदलली, सेटिंग बघितलं, वेळ घालवला, आणि तोवर पुढच्या पट्ट्यांना पण तोच हात लागलेला. पुल टेस्टमध्ये तारेला हुक लावून ओढतात, किती ग्रॅमला तुटते ते बघायला, माझ्या तारा तुटतच नव्हत्या, मुळातूनच उपटून येत होत्या. लॉट होल्डवर. आमचा ट्रेनर मलेशियाचा, पेनांगचा, पन्नाशीचा माणूस, ओरडला नाही. मायक्रोस्कोपखाली त्याने मला माझा अंगठा दाखवला, रेषा न् रेषा. म्हणाला, पोलिसांना पाहिजे तेवढा स्पष्ट आहे.

हा माणूस जेवताना खूप सांगायचा. १९७२ मध्ये पेनांगला असेच प्लांट यायला लागले, इंटेलने तिथे काढला तेव्हा आजूबाजूला भातशेती. त्याची आई त्या काळातली ऑपरेटर, तेव्हा बाँडिंग हातानेच, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून. पहिली काही वर्षं, तो म्हणाला, आमच्याकडे फक्त मजुरी राहत होती, सगळा माल बाहेरून यायचा आणि बाहेर जायचा. मग कुणी तिथे छोटं वर्कशॉप काढून मशीनचे सुटे भाग बनवायला लागला, मग कुणी पूर्ण मशीन. खरा पैसा तेव्हा राहायला लागला. त्या संध्याकाळी मी आमच्या स्टोअरमध्ये मुद्दाम खोक्यांवरची लेबलं वाचली. तार, लीडफ्रेम, वरून ओततात ती काळी राळ, कॅपिलरी, निळी टेप. एकही आपल्याकडची नाही. निळा कागदसुद्धा नाही. मशीनचं तर विचारूच नका. म्हणजे सध्या देशी काय, तर जागा, वीज, पाणी आणि आम्ही. आणि सरकारचे पैसे.

त्या पैशावरून आमच्या खोलीत रात्री वाद. नांदेडच्याने हिशोब मांडला. मायक्रॉनचा प्रकल्प २२,५१६ कोटींचा, त्यात निम्मे केंद्राचे, वर २० टक्के गुजरातचे. थेट नोकऱ्या पाच हजार. भागाकार कर, एका नोकरीमागे साडेचार कोटी, त्यातले तीन कोटीच्या वर आपले, टॅक्सवाल्यांचे. एवढ्यात आमच्या गावात प्रत्येकाला ठिबक आणि दोन म्हशी आल्या असत्या, तो म्हणतो. मी म्हटलं, नुसत्या नोकऱ्याच मोजायच्या तर तुझं बरोबर आहे, नोकऱ्यांसाठी हा सगळ्यात महाग मार्ग. पण २०२१ मध्ये ज्या अकरा पोरी घरी गेल्या त्या कुठल्या खात्यात धरशील? पन्नास रुपयाची वस्तू नाही म्हणून वेर्णा ठप्प. तो म्हणाला, ती वस्तू साणंदला पॅक झाली तरी तिचा वेफर बाहेरूनच येणार ना? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. धोलेऱ्याची फॅब चालू होऊन तिथला माल यायला लागेपर्यंत नाहीच. ओडिशाचा तोवर झोपलेला.

एक गोष्ट मात्र मला तिथे गेल्याशिवाय कळली नसती. वेर्ण्याला, कुंडईला जी औषधाच्या कंपन्यांत एचव्हीएसी, म्हणजे आतल्या हवेचा कारभार, बघणारी पोरं आहेत, एअर हँडलर, फिल्टर, प्रेशर, त्यांना हे काम येतं. औषधवाले जंतू मोजतात, चिपवाले धूळ मोजतात, बाकी डक्ट तोच. माझा एक मित्र अकरा वर्षं तेच करत होता, मी त्याला लिंक पाठवली, आता तो पण साणंदला आहे आणि माझ्यापेक्षा जास्त घेतो. मी वेर्ण्यात सतरा हजार घ्यायचो, इथे चोवीस हातात येतात, जेवण आणि बस कंपनीची.

२०२५ ची गणपतीची चवथ २७ ऑगस्टला होती, मला चार दिवस सुट्टी मिळाली. दुसऱ्याच दिवशी साणंदला सीजीच्या पायलट लाइनचं, म्हणजे आधी चाचणीपुरत्या चालवायच्या लाइनचं, उद्घाटन, ते मी गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या माटोळीखाली बसून मोबाइलवर बघितलं. बाबा शेजारी. त्यांनी नीट बघितलं, मग विचारलं, एका मशीनवर माणसं किती? मी म्हटलं उलट आहे बाबा, एका माणसाकडे दहा-बारा मशीन. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मग ती चहावाली कुठली जगणार रे. मी सांगितलं की गेटबाहेर चहावाले आहेत, टपऱ्या आहेत, तीन शिफ्टच्या बस आहेत, टिफिनवाल्या बायका आहेत, खोल्यावाले काका आहेत. त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं आणि मधेच आई नेवऱ्या घेऊन आली.

परत गेलो तर काका गच्चीवर वाटच बघत होते. बँकेतून आलेले, हातात फाइल. अजून एक मजला चढवायचा विचार आहे, चाळीस टक्के घरचे, बाकी लोन, तू आत काम करतोस, तूच सांग, ही कंपनी टिकेल ना? फोर्डच्या वेळी पण एका इंजिनियर भाडेकरूला विचारलं होतं, तो म्हणाला होता बिनधास्त बांधा. मी म्हटलं काका, मी ऑपरेटर आहे, मला पुढच्या आठवड्याची शिफ्ट शुक्रवारी कळते. आणि माझ्या बाबांच्या दुसऱ्या ट्रकची गोष्ट सांगितली, सगळी, वेलापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

दिवाळीनंतर काकांनी नव्या मजल्याचा स्लॅब टाकला. आमचं भाडं माणशी पाचशेनं वाढलं.